तुरट लागतं म्हणजे नेमकं काय होतं?

जांभूळ खाल्लं की गोडवा चटकन सरतो, पण जीभ जड होते आणि गाल आतून ओढल्यासारखे वाटतात. कच्चं केळं, सुपारी, काजूचं बोंडू, कोरा चहा यांचंही तेच. आयुर्वेदाने सहा रसांत ‘कषाय’ म्हणून तुरटाला मानाने बसवलं. आजचं शरीरशास्त्र मात्र गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (अळंबी, टोमॅटोतली रसदार चव) या पाचच मूळ चवी मानतं. त्यांत तुरट नाही, तिखटही नाही.

कारण तुरटपणा हा मुख्यतः स्पर्श आहे. लाळेतल्या काही प्रथिनांमुळे तोंड आतून बुळबुळीत राहतं. फळांतलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य या प्रथिनांना चिकटतं आणि त्यांचे बारीक कण साकळतात. वंगणच गेल्यावर जीभ टाळूवर घासू लागते. हे घर्षण मेंदूला कळवते ती चेहऱ्याच्या स्पर्शाची नस, चवीची नव्हे. १९९३ साली संशोधकांनी तुरटी वरच्या ओठाच्या आत, हिरडीजवळ लावून पाहिली. तिथे रुचिकलिका नसतात, तरीही लोकांना तुरट जाणवलं! म्हणूनच तुरटपणा घोटागणिक वाढत जातो. गोड तर खाता खाता बोथट होतं.

झाडाला टॅनिनचा उपयोग उघड आहे. बी तयार होण्याआधी कुणी फळाला तोंड लावू नये. फळ पिकत जातं तसं विरघळणारं टॅनिन कमी होतं आणि तुरटपणा उतरतो.

मला याहून विलक्षण वाटतं ते चांभारकाम. कोल्हापुरी चपलेचं कातडं परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. दोन्हींत भरपूर टॅनिन. ते कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाला घट्ट धरतं, म्हणून कातडं कुजत नाही. तोंडात लाळेचं जे होतं, त्याच जातीचं हे काम. रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता आपल्या कारागिरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे.

चहाबाबत मात्र आपण ‘कडू’ आणि ‘तुरट’ यांची सरमिसळ करतो, आणि ती टाळायला हवी. कडवटपणात कॅफीनचा वाटा असतो, तोंड कोरडं पडतं ते टॅनिनसारख्या द्रव्यांमुळे. साखर कडवटपणा झाकते. तुरटपणावर दूध अधिक कामाचं, कारण टॅनिन लाळेऐवजी दुधातल्या केसीन या प्रथिनाला जाऊन चिकटतं.