मुदपाकखान्यातली प्रार्थना : निरंतर प्रार्थनेचा मागोवा

डिसेंबर २०२५मध्ये लेबनॉनचा दौरा आटोपून रोमला परतताना पोप लिओ चौदावे यांनी विमानातल्या पत्रकारांशी गप्पा मारता मारता एका लहानशा पुस्तकाचा उल्लेख केला. मला समजून घ्यायचं असेल तर प्राचीन ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टिन यांच्याखेरीज हेही वाचा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ते पुस्तक म्हणजे सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच आचाऱ्याचे विचार. बंधू लॉरेन्स हे त्याचं मठातलं नाव. त्याला धर्मगुरूची दीक्षा नव्हती, फारसं शिक्षणही नव्हतं. कॅथलिक सभेच्या (चर्चच्या) प्रमुखानं अशा माणसाला आपला वाटाड्या मानलं, त्याच्या मागे सोळाशे-सतराशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातला बराच काळ तर त्याची ही प्रार्थना, म्हणजे रोजचं काम करता करता मनातल्या मनात देवाशी बोलत राहणं, संशयास्पद समजली जात होती.

सुरुवात येशूचा प्रेषित संत पौल याच्यापाशी होते. थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो सांगतो, ‘निरंतर प्रार्थना करा.’ वाचायला सोपं आहे, पण पोटापाण्याचा धंदा करणाऱ्यानं, मुलंबाळं सांभाळणाऱ्यानं ते पाळायचं कसं? चौथ्या शतकात सीरियाच्या बाजूला एक पंथ निघाला. त्यानं कामच सोडून दिलं आणि आम्ही फक्त प्रार्थना करतो असं जाहीर केलं. त्या पंथातले काही जण इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ एनाटोन इथे अब्बा (म्हणजे साधूंमधले वडीलधारे) ल्युसियस यांना भेटायला आले. वाळवंटातल्या साधूंच्या वचनसंग्रहात ही भेट नोंदलेली आहे.

अब्बांनी विचारलं, “हाताने काय काम करता?” ते म्हणाले, “कामाला आम्ही शिवत नाही. पौलाने सांगितल्याप्रमाणे अखंड प्रार्थना करतो.” अब्बा म्हणाले, “जेवता ना?” “जेवतो.” “मग जेवताना तुमची प्रार्थना कोण करतं? आणि झोपता तेव्हा?” पाहुण्यांना उत्तर सुचेना. तेव्हा अब्बांनी स्वतःचा दिनक्रम सांगितला. ते ताडाच्या पात्या भिजवून वळत बसत आणि वळता वळता ‘देवा, तुझ्या वात्सल्यानुसार माझ्यावर दया कर’ ही बायबलमधल्या स्तोत्रातली ओळ म्हणत. दिवसाकाठी साधारण सोळा नाणी मिळत. त्यातली दोन ते दाराशी ठेवत, उरलेल्यांत त्यांचं जेवण भागे. “ती दोन नाणी जो उचलून नेतो, तो मी जेवत असताना आणि झोपलेलो असताना माझ्यासाठी प्रार्थना करतो. अशी माझी प्रार्थना अखंड होते.”

मला या परंपरेचा सगळा गाभा या हिशेबात दिसतो. हाताला काम, ओठांवर एक ओळ आणि दाराशी परक्याचा वाटा. पुढे या तिन्ही गोष्टींची फारकत झाली, आणि नंतरच्या काळातली पुष्कळशी धडपड ती पुन्हा जुळवण्याची आहे.

इजिप्तमधली ही शिकवण जॉन कॅशियन या साधूंनी पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या मार्सेयला नेली. ‘देवा, माझ्या मदतीला धाव’ ही सत्तराव्या स्तोत्राची ओळ काम करताना, वाट चालताना, झोप लागेपर्यंत मनात घोळवा, असं त्यांनी अब्बा आयझॅक यांच्या तोंडून सांगितलं आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी नियमावली लिहिली. तिच्या एकतिसाव्या प्रकरणात कोठाराची जबाबदारी असलेल्या बंधूला सूचना आहे, की मठातली सगळी भांडी आणि अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी माना. कोठीतलं घमेलं आणि वेदीवरचा प्याला एका तोलाचा!

एवढं सगळं असूनही मध्ययुगात वाटणी झालीच. लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या पायाशी ऐकत बसलेली मरीया आणि घरकामात गुंतलेली मार्था या दोन बहिणी आहेत. मरीया म्हणजे मठ आणि मार्था म्हणजे संसार, असा अर्थ रूढ झाला. गहन ध्यान मठवासीयांच्या वाट्याला आलं आणि घरगृहस्थांसाठी मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना), उपास, जपमाळ एवढंच उरलं. ही भिंत ओलांडू पाहणाऱ्यांना किंमत मोजावी लागली. नेदरलँड्स-बेल्जियमच्या पट्ट्यात बेगीन म्हणवणाऱ्या स्त्रिया कायमची व्रतं न घेता एकत्र राहत, लोकर-कापडाचं काम करत आणि प्रार्थना करत. याच वर्तुळातल्या मानल्या जाणाऱ्या मार्गरीत पोरेत यांनी देवप्रेमावरचा ग्रंथ लोकांच्या फ्रेंचमध्ये लिहिला आणि तो मागे घ्यायला नकार दिला. १ जून १३१० रोजी पॅरिसमध्ये त्यांना जिवंत जाळण्यात आलं. जर्मन धर्मगुरू आणि प्रवचनकार माइस्टर एकहार्ट यांनी तर एका प्रवचनात मार्थालाच अधिक परिपक्व ठरवलं. मरीया अजून शिकते आहे, मार्था कामात असूनही देवापासून ढळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या निधनानंतर १३२९मध्ये पोपच्या आदेशाने त्यांची २८ विधानं दोषी किंवा संशयास्पद ठरली. ती इतर लेखनातली होती, पण लोकभाषेत सामान्य श्रोत्यांना इतक्या खोल गोष्टी सांगितल्या, हाही आक्षेप त्यात होताच.

भीती कशाची होती? माणूस शांतपणे थेट देवापाशी बसू लागला, तर धर्मगुरूचं, साक्रामेंतांचं (चर्चच्या पवित्र विधींचं) काय उरेल, ही. स्पेनमध्ये धर्मन्यायालयाच्या १५५९च्या बंदीयादीत लोकभाषेतली प्रार्थनेची कितीतरी पुस्तकं गेली. आविलाच्या मठवासिनी संत तेरेजा यांची स्वतःची आवडती पुस्तकं त्यात होती. त्याच तेरेजा यांनी पुढे आपल्या भगिनींना लिहिलं, की आज्ञेनुसार स्वयंपाकघरात काम पडलं तर वाईट वाटून घेऊ नका, प्रभू भांड्याकुंड्यांतही वावरतो.

त्यांनी सुधारलेल्या कार्मेल या संन्यासी संघातच १६४०मध्ये पॅरिसच्या व्होजिरार रस्त्यावरील मठात निकोला एर्मां नावाचा एक लंगडा माजी सैनिक दाखल झाला. हेच बंधू लॉरेन्स. लोरेन प्रांतातला गरीब घरचा मुलगा. अठराव्या वर्षी हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड पाहून, याला पुन्हा पालवी फुटणार, या विचाराने त्याला देवाची जी ओळख पटली ती कायमची. युरोपातल्या ‘तीस वर्षांच्या युद्धा’त (१६१८-४८) पाय जखमी झाला. नंतर एका श्रीमंताकडे तो हुजऱ्या होता, आणि हाताला येईल ते फोडणारा धांदरट, असं स्वतःचं वर्णन तो करतो.

मठात त्याला स्वयंपाकघर मिळालं. त्या कामाचा त्याला मनापासून तिटकारा होता, तरी सुमारे पंधरा वर्षं त्यानं ते केलं, मग चपला शिवायला बसला. मठासाठी दारू खरेदी करायला त्याला बर्गंडीला पाठवत, तेव्हा अधू पायामुळे बोटीवर पिंपांवरून गडगडत सरकावं लागे. तव्यावरचं ऑम्लेट मी देवाच्या प्रेमाखातर उलटतो, असं तो म्हणे. चारी बाजूंनी लोक काहीबाही मागत असताना, भांड्यांच्या खणखणाटातही, पवित्र साक्रामेंतापुढे (वेदीवरच्या पवित्र भाकरीपुढे) गुडघे टेकल्यावर मिळते तीच शांती त्याला मिळे. हे सहज साधलं नव्हतं. पहिली दहा वर्षं आपण आतून फार सोसलं, असं त्याच्या पत्रात आहे. मन भरकटलं की चूक कबूल करायची, फार हळहळ न करता पुन्हा देवाकडे वळायचं. एवढीच त्याची पद्धत. देवाशी मनातल्या मनात बोलत राहायचं, कामाच्या आधी, मध्ये आणि नंतर.

जोसेफ द बोफोर या धर्मगुरूनं ३ ऑगस्ट १६६६ रोजी त्याच्याशी पहिली भेट घेतली आणि संभाषणं टिपून ठेवली. १६९१मध्ये लॉरेन्स वारला, त्यानंतर ती पत्रांसह छापली गेली. वेळ मात्र वाईट होती. प्रार्थनेत मनाने काहीच न करता स्वस्थ राहावं, अशा निष्क्रिय शांतीचा पुरस्कार केल्याबद्दल स्पॅनिश धर्मगुरू मोलिनोस यांना १६८७मध्ये दोषी ठरवलं होतं, आणि १६९९मध्ये फ्रान्सचे आर्चबिशप फेनेलाँ यांची मतंही नाकारली गेली. फेनेलाँ यांनी बचावात लॉरेन्सचा दाखला दिला होता, त्यामुळे कॅथलिक फ्रान्समध्ये आचाऱ्याचं पुस्तक मागे पडलं. ते जपलं प्रॉटेस्टंट वाचकांनी. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी आपल्या ग्रंथमालेत त्यातला भाग घेतला.

कॅथलिक सभेत दार उघडलं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं. पावित्र्याचं आमंत्रण सर्व श्रद्धावंतांना आहे, असं तिने १९६४मध्ये स्पष्ट लिहिलं. त्यानंतर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सर मठात मठवासी थॉमस कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौदाव्या शतकातल्या एका निनावी इंग्रजी ग्रंथाच्या आधारे एक सोपी रीत बसवली : दिवसातून दोनदा वीस मिनिटं, मनात एकच पवित्र शब्द. रीत चांगली आहे. पण त्या चाळीस मिनिटांवरच थांबलं, तर अब्बा ल्युसियस यांच्या दाराशी ठेवलेल्या दोन नाण्यांचं काय, हा प्रश्न मला पडतो.

आपल्याकडे याच सुमारास जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू अँथनी डिमेलो काम करत होते. जन्म मुंबईचा, १९३१चा. त्यांनी पुण्यात ‘साधना’ संस्था सुरू केली, ती पुढे लोणावळ्याला गेली. १९७८च्या त्यांच्या पुस्तकाचे पहिले पाठ म्हणजे खांद्यावरच्या कपड्याचा स्पर्श, पाठीला टेकलेली खुर्ची, आत-बाहेर जाणारा श्वास यांची नुसती जाणीव. शुभवर्तमानातल्या प्रसंगांचं चिंतन त्यानंतर. १९८७मध्ये ते वारले. १९९८मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही मतांबद्दल इशारा दिला, मात्र सुरुवातीचं लेखन ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत आहे, हेही त्यातच नोंदवलं.