मल्टीतले मांजर (इंदूर)

बहुमजली इमारतीतल्या, म्हणजे इंदुरी बोलीत 'मल्टी'तल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दाराबाहेर अजिबात न सोडता मांजर पाळण्याची पद्धत. खाणे, झोपणे, खेळणे, नखे घासणे आणि शी-शू हे सगळे मांजर घरातच करते आणि त्याची सोय भाडेकरूला करावी लागते, तीही दुसऱ्याच्या मालकीच्या भिंतींना धक्का न लावता.

रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर या भागांतल्या मराठी घरांना मांजर नवे नाही. वाड्यात ते असायचेच. पण पाळलेले की आपणहून आलेले, हे कोणी विचारत नसे. धान्याच्या कोठीपाशी उंदीर धरावेत, माळ्यावर पिल्ले घालावीत, दुपारी शेजारच्या ओटल्यावर झोपावे आणि जेवणाच्या वेळी दूध-पोळीसाठी हजर व्हावे, असा त्याचा दिनक्रम. शी कुठे करते हा प्रश्न परसातली माती सोडवत असे. वाड्यांच्या जागी मल्ट्या आल्या, नोकरीसाठी आलेली जोडपी तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहू लागली आणि मांजर दाराआड आले. माती, झाड, उंदीर, पळून जायची वाट हे सगळे बाहेरच राहिले. या पद्धतीतली खरी अडचण मात्र त्याच्याही पुढची आहे: मांजर माणसापेक्षा जागेला अधिक धरून असते आणि भाडेकरूची जागा अकरा महिन्यांची असते.

करार आणि घरमालक

भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. स्टॅम्प पेपरवरचा छापील मसुदा बहुधा ठरावीक असतो; पाण्याची मोटर, मेंटेनन्स, रंगकाम यांवर कलमे असतात, प्राण्यांबद्दल अवाक्षर नसते. उल्लेख नाही म्हणजे परवानगी आहे, असा अर्थ काढून मांजर गुपचूप आणणारे पुष्कळ असतात. ते टिकत नाही, कारण मांजराला दिवसभर खिडकीत बसायची हौस असते आणि खिडकी रस्त्यावर असते. भाडे ठरवतानाच विचारावे आणि एक ओळ करारात लिहून घ्यावी. घरमालकीणबाईंचा पहिला प्रश्न साधारण ठरलेला असतो: "घरातच करतं का सगळं?" त्यावर "काकू, पेटीत करतं, रोज साफ करतो" एवढे सांगून भागत नाही, मांजर आधी राहिलेले घर त्यांना दाखवता आले तर बोलणे लवकर मिटते.

भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांचा हवाला अनेकदा दिला जातो. त्या मुख्यतः कुत्र्यांविषयी आणि रहिवासी संघटनांना उद्देशून आहेत. सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलताना त्यांचा उपयोग होईल. घरमालकाने करारातच 'प्राणी नको' म्हटले असेल तर त्या पुढे करून फारसे हाती लागत नाही. उलट बाजूने, घर बदलताना मांजर खाली पार्किंगमध्ये सोडून जाणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. ही रक्कम ऐकून कोणी घाबरत नाही, हे वेगळे सांगायला नको.

शाकाहारी घर आणि मांसाहारी मांजर

इंदुरात 'मांस-मच्छी शिजवायची नाही' ही अट सर्रास असते. मालक जैन, अग्रवाल, माहेश्वरी असो की मराठी ब्राह्मण. मांजर मात्र पक्के मांसाहारी आहे. टॉरीन हे अमिनो आम्ल त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि वनस्पतींतून मिळत नाही. त्याच्या कमतरतेने डोळ्याचा पडदा खराब होतो, आणि हृदयाचे स्नायू दुबळे पडतात हे १९८७ मध्ये दाखवले गेले. तेव्हापासून तयार खाद्यात ते अधिक प्रमाणात घातले जाऊ लागले. दूध-पोळीवर वाड्यातले मांजर जगले ते उंदरांच्या जोरावर. चौथ्या मजल्यावरच्या मांजराला तेवढ्यावर ठेवणे म्हणजे त्याची उपासमार करणे होय. शिवाय मोठ्या मांजराला दुधातली साखर बहुधा पचत नाही आणि जुलाब होतात.

व्यवहारात तोडगा निघतो तो कोरड्या दाण्यांचा आणि सीलबंद पाऊचचा. काही शिजवावे लागत नाही, फोडणीचा वास जिन्यात जात नाही. पाऊच उघडल्यावर मात्र वास येतो. रिकामे पाऊच धुऊनच कचऱ्यात टाकावे. मालकाला हे आधी सांगणे बरे: त्याचा आक्षेप अनेकदा स्वयंपाकघरातल्या भांड्यांना असतो, मांजराच्या ताटलीला नसतो.

इंदुरी खाण्यातले काही पदार्थ मांजराला सरळ विषारी आहेत. कांदा आणि लसूण त्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, त्यामुळे पोह्यांवरचा कच्चा कांदा आणि लसूण सेव खालच्या पातळीवर, टीपॉयवर उघडी ठेवू नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही जिवावर बेतू शकते. फरशी पुसायच्या फिनाइलचीही तीच गोष्ट आहे: फिनॉलसारखी द्रव्ये निकामी करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात दुबळी असते, आणि ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटते. कामवाल्या बाईंना साध्या पाण्याने पुसायला सांगितले की त्यांना ते स्वच्छ वाटत नाही. समजावून सांगावे लागते. लिलीची फुले घरात आणूच नयेत, तिच्या परागानेही मूत्रपिंड जाते.

जाळी

मांजर उंचावरून पडले तरी पायावर पडते, हे खरे. म्हणून त्याला काही होत नाही, हे खोटे. न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमध्ये पाच महिन्यांत आलेल्या अशा १३२ मांजरांची पाहणी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगली, पण फुप्फुसांना मार, मोडलेले जबडे आणि पाय घेऊन. जागीच मेलेली मांजरे दवाखान्यात येत नाहीत, त्यामुळे हा आकडा आहे त्यापेक्षा दिलासादायक वाटतो.

मल्टीत धोक्याच्या जागा तीन. गॅलरी सगळ्यांना दिसते. दुसरी जागा कूलरची: उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा खिडकीत कूलर बसवला जातो आणि त्याच्या कडेची फट पुठ्ठ्याने बुजवलेली असते. मांजर तो पुठ्ठा एका दुपारीत ढकलते. तिसरी, आणि सर्वांत दुर्लक्षित, म्हणजे बाथरूममधली डक्टकडे, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीकडे, उघडणारी काचेच्या पट्ट्यांची खिडकी. डक्टमध्ये पारवे घुमत असतात, मांजर पट्ट्यांतून डोके घालते, आणि डोके गेले की बाकीचे अंगही जाते. डक्टच्या तळाशी पडलेले मांजर बाहेर काढायला तळमजल्यावरच्या कुटुंबाची मनधरणी करावी लागते.

पारव्यांसाठी बसवतात ती नायलॉनची जाळी मांजर चावून तोडू शकते. तिचा दोरा जाड आणि चौकोन लहान हवा, किंवा स्टीलची बारीक जाळी हवी. भाडेकरूपुढे पेच असतो तो भोकांचा. हुकांसाठी ड्रिल मारायचे तर मालकाची परवानगी हवी. नसेल तर ग्रिलच्या गजांनाच केबल टायने जाळी बांधता येते, भिंतीला हात लावावा लागत नाही. पारव्यांचा त्रास प्रत्येक मालकाला ठाऊक असल्याने 'पारव्यांसाठी जाळी' म्हटले की परवानगी लवकर मिळते. हे खोटेही नाही.

पेटी आणि कचरागाडी

पेटीत पूर्वी बांधकामाची वाळू घालत. अमेरिकेत १९४७ मध्ये एड लो याने भाजलेल्या शोषक मातीचा मांजराच्या पेटीसाठी व्यापार सुरू केला. पुढे ओले होताच गोळा होणारी बेंटोनाइट माती आली. भारतात बेंटोनाइट कच्छमध्ये भरपूर निघते आणि बाजारातल्या बहुतेक 'लिटर'च्या पिशव्यांत तेच असते. गोळे रोज काढावेत. मांजराच्या शीतून पसरू शकणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची बीजे संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजच्या सफाईने तो धोका बराच टळतो. गर्भाला त्याचा धोका असतो, म्हणून गरोदर बाईने पेटी स्वतः साफ करू नये, मांजर मात्र घालवायचे कारण नाही.

इंदुरात पुढचा प्रश्न कचरागाडीचा. २०१७ ते २०२३ स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिले आलेल्या या शहरात घरचा कचरा ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक असा सहा भागांत द्यावा लागतो, आणि गाडीवरची माणसे डब्यात डोकावून पाहतात. ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. रोज ५५० टन क्षमतेचा हा प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला. माती सडत नाही, तिच्यापासून गॅस होत नाही, म्हणून लिटर ओल्या कचऱ्यात टाकू नये. बहुतेक घरांत ते कागदात गुंडाळून सॅनिटरी डब्यात जाते. गाडीवाल्याला एकदा विचारून घेतलेले चांगले. कमोडमध्ये तर मुळीच टाकू नये. बेंटोनाइट पाण्याने कित्येक पट फुगते आणि मल्टीचा ड्रेनेज पाइप सामाईक असतो, तेव्हा तुंबते ते खालच्या मजल्यावर. नर्मदेचे पाणी शहराच्या बऱ्याच भागांत एक दिवसाआड येते, म्हणून पेटी धुण्याचा दिवसही त्यावर ठरतो.

आरोग्य

पिल्लू सहा-आठ आठवड्यांचे झाल्यावर त्रिगुणी लस, तीन महिन्यांनंतर रेबीजची. घरातून न निघणाऱ्या मांजरालाही दोन्ही हव्यात. नसबंदी चार-सहा महिन्यांच्या सुमारास करावी: माजावर आलेली भाटी रात्रभर ओरडते, बोका पडद्यांवर मुततो, आणि शेजाऱ्यांची तक्रार मालकापर्यंत जाते. एक लक्षण ओळखता यायला हवे. बोका पुन्हा पुन्हा पेटीत बसतो आणि लघवी होत नाही, तेव्हा बद्धकोष्ठ समजून सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग बंद झाला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. शहरातल्या दवाखान्यांखेरीज सुमारे २३ किलोमीटरवर महू येथे १९५५ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. संक्रांतीला गॅलरीत आलेला मांजा उचलून टाकावा, गिळलेला दोरा आतडे कापतो. रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्याजवळच्या घरांत खिडक्या बंद ठेवून मांजराला आतल्या खोलीत ठेवतात.

घर बदलणे

अकरा महिन्यांनी मालकाने भाडे वाढवले किंवा घर विकले, की मांजराचे सगळे जग एका दिवसात टेम्पोत चढते. सामान बांधायच्या आधी ते पिंजऱ्यात हवे, कारण त्या दिवशी दार सताड उघडे असते. नव्या घरात पहिले काही दिवस एकच खोली द्यावी, तिथे न धुतलेली जुनी गोधडी आणि पेटीत थोडे जुने लिटर ठेवावे. या कामी नवे महाग अंथरूण निरुपयोगी. पलंगाखालून बाहेर न येणारे मांजर ओढून काढू नये. नखे घासायला टेबलाच्या पायाला सुतळी गुंडाळलेली असेल तर तो टेबलही त्याच खोलीत न्यावा.

जुन्या घरी डिपॉझिट कापले जाते ते ओरखडलेल्या दाराच्या चौकटीसाठी, फाटलेल्या मच्छरजाळीसाठी आणि वासासाठी. पहिल्या दोन्हींना पुट्टी आणि सुतार आहे. मुताचा वास एन्झाइमवाल्या द्रवाने जातो. अमोनियाच्या क्लीनरने पुसले तर मांजराला तो मुतासारखाच वाटतो आणि ते पुन्हा तिथेच जाते. किल्ली देण्याच्या एक-दोन दिवस आधी घर बंद ठेवून मग एखाद्या मांजर नसलेल्या शेजाऱ्याला आत बोलवावे, कारण राहणाऱ्याच्या नाकाला तो वास कधीच येईनासा झालेला असतो.