मॉर्मन पंथ : मृत्युविचार आणि अंत्यविधी

जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’च्या अनुयायांना मॉर्मन म्हणतात. मुख्य ठाणे यूटातील सॉल्ट लेक सिटी. त्यांच्या मते आत्मा जन्माआधीही असतो; मरणानंतर तो आत्मलोकात पुनरुत्थानाची वाट पाहतो आणि पुढे तीन वैभवलोकांपैकी एकात जातो. कायमचा अंधार अगदी मोजक्यांच्याच वाट्याला येतो. आठ वर्षांच्या आत गेलेल्या मुलांना मात्र सर्वोच्च लोक मिळतोच.

आजाऱ्याच्या डोक्याला मंतरलेले ऑलिव्ह तेल लावून आशीर्वाद देतात. औषधोपचार अर्थातच चालू राहतात. मरण अटळ दिसू लागल्यावर अवाजवी उपायांनी आयुष्य लांबवण्याची सक्ती नाही, पण दयामरण अमान्य. अवयवदानाचा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा.

मंदिरातील दीक्षा घेतलेल्या व्यक्तीला तिथलाच पांढरा पोशाख घालून पुरतात. पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्रिया, किंवा मृताचा जोडीदार हा पोशाख चढवतो. हे काम बहुधा घरचीच माणसे करतात. दहनाला बंदी नसली तरी कल दफनाकडे आहे. थडग्यापाशी पुरोहिताधिकार असलेला पुरुष प्रार्थना करून ती जागा अर्पण करतो. दुखवट्याच्या घरी जेवण पोचवण्याचे काम ‘रिलीफ सोसायटी’ ही स्त्रियांची संघटना करते. यूटात त्या जेवणातली बटाटे-चीजची भाजलेली डिश ‘फ्यूनरल पोटेटोज’ याच नावाने प्रसिद्ध आहे.

या पंथाचे खरे वेगळेपण मृतांसाठीच्या बाप्तिस्म्यात (पाण्यात बुडवून धर्मात घेण्याच्या विधीत) आहे. स्मिथ यांचा थोरला भाऊ ॲल्विन १८२३ मध्ये बाप्तिस्म्याविनाच वारला होता. १८४० च्या ऑगस्टमध्ये इलिनॉयमधील नावू येथे एका अंत्यविधीच्या वेळी स्मिथ यांनी ही शिकवण जाहीर केली. सुरुवातीला मिसिसिपी नदीत होणारा हा विधी आता मंदिरात, बारा बैलांच्या मूर्तींवर पेललेल्या कुंडात होतो. जिवंत माणूस मृताच्या वतीने बुडी घेतो. मराठी वाचकाला इथे श्राद्ध आठवेल, पण फरक मोठा आहे: हा बाप्तिस्मा स्वीकारायचा की नाकारायचा, हे मृत आत्म्यानेच ठरवायचे असते.

त्यासाठी पूर्वजांची नावे हवीत, म्हणून या चर्चने वंशावळींचा प्रचंड संग्रह उभारला. त्याच्या मायक्रोफिल्म सॉल्ट लेकजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात कोरलेल्या तिजोरीत आहेत. नाझी संहारात मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावेही बाप्तिस्मे झाल्याचे उघड झाल्यावर ज्यू संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला, आणि १९९५ मध्ये चर्चने ते थांबवण्याचे मान्य केले. तरीही नंतर अशी नावे पुन्हा सापडत राहिली.