पार्श्वभूमी : झंडापूरची १ जानेवारी

दिल्लीला लागून असलेल्या साहिबाबादच्या कारखानदारी पट्ट्यात, झंडापूरला, दरवर्षी १ जानेवारीला पथनाट्य होतं. पथनाट्य करणारा नट-लेखक सफदर हाश्मी, त्याच्या आठवणीत. पण सफदर गेला तो २ जानेवारीला, १९८९ साली, रात्री, दिल्लीच्या रुग्णालयात. १ तारखेला झंडापूरला 'हल्ला बोल' हे पथनाट्य चालू असताना नाटकवाल्यांवर हल्ला झाला होता. म्हणजे मंडळींनी पाळायला निवडला तो मृत्यूचा दिवस नव्हे, प्रयोग मोडला तो दिवस.

सफदरची नाट्यसंस्था, जन नाट्य मंच, १९७३ची. आधी मोठी नाटकं, मांडव, ट्रकभर सामान. आणीबाणीनंतर कामगार संघटनांकडे असल्या प्रयोगांना पैसा उरला नाही, तेव्हा स्वस्त आणि छोटं काहीतरी हवं होतं. त्यातून १९७८ साली जेमतेम १३ मिनिटांचं 'मशीन' आलं. त्यामागची घटना गाझियाबादजवळच्या एका रसायन कारखान्यातली : सायकली लावायला जागा द्या आणि चहा मिळेल, डबा गरम करता येईल असं कँटीन द्या, एवढंच मागणं. त्यावर गोळीबार झाला, सहा कामगार गेले. (आपल्याकडची पथनाट्यं आता रस्ता सुरक्षा सप्ताह आणि ओला-सुका कचरा यांत अडकली आहेत, तो वेगळा विषय.)

खरा गुंता ४ जानेवारीचा. आदल्या दिवशी अंत्ययात्रा झालेली, हजारो लोक लोटलेले. दुसऱ्याच दिवशी तीच मंडळी झंडापूरला परतली आणि अर्धवट राहिलेलं नाटक त्याच जागी पूर्ण केलं. सफदरची पत्नी नटसंचात होती. या निर्णयाकडे दोन तऱ्हांनी बघितलं जातं. कोणी म्हणतं, गाझियाबादच्या नगरपालिका निवडणुकीच्या धामधुमीतलं ते शक्तिप्रदर्शन होतं. नाटक मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या उमेदवाराच्या प्रचारात चाललं होतं, हे खरंच आहे, ते लपवण्याचं कारण नाही. पण आपल्याकडे सुतकाचे दिवसही संपले नसते, तेवढ्यात उभं राहून संवाद म्हणणं नुसत्या प्रचारासाठी होत नाही. ज्याने तालीम केलेली असते त्याला अर्धं राहिलेलं नाटक छळतं. मला तरी त्या दुपारी पक्षापेक्षा नाटक मोठं दिसतं.

दुसरा गुंता 'शहीद' या शब्दाचा. महिनाभरात दिल्लीतल्या चित्रकार, गायक, लेखकांनी त्याच्या नावाने वेगळं व्यासपीठ उभं केलं, त्याचा वाढदिवस १२ एप्रिल हा पथनाट्याचा दिवस ठरला. हे सगळं आवश्यक होतं, मात्र त्यात सोबत काम करणारा मुलगा मागे पडत गेला. मराठीत हा फरक क्रियापदातच कळतो : सहकारी 'गेला', शहीद 'गेले'. मी मुद्दाम एकेरीत लिहितो आहे. हल्लेखोर युनियनच्या कचेरीपर्यंत आले तेव्हा बाकीच्यांना निसटता यावं म्हणून तो दार लोटून धरून उभा राहिला, असं बरोबरचे सांगतात. ती आठवण पुतळ्यात मावणारी नाही.

आणि 'शहीद' म्हणायचं तर १ जानेवारीला झंडापूरलाच मेला तो रामबहादूर, पोटासाठी नेपाळहून आलेला कामगार, गोळी लागून. तारखेने पाहिलं तर हा स्मृतिदिन आधी त्याचा. फलकांवर त्याचं नाव असतं, सफदरच्या नावाखाली.

हल्ल्याच्या खटल्याचा निकाल लागायला नोव्हेंबर २००३ उजाडलं. गाझियाबादच्या न्यायालयाने दहा जणांना जन्मठेप दिली, त्यात त्या निवडणुकीतला एक उमेदवारही होता. मधल्या चौदा वर्षांत झंडापूरचा प्रयोग चुकला नाही. १२ एप्रिल २०१२ला पश्चिम दिल्लीतल्या शादीपूरमध्ये संस्थेने स्वतःची छोटी तालमीची जागा उघडली. तिला 'स्टुडिओ सफदर' हे नाव दिलंय, मागे हाश्मी नाही, पुढे शहीद नाही.