सहाव्या वर्षी, सहाव्या जागी

मूल सहा वर्षांचे होण्याच्या सुमारास त्याचा खालचा समोरचा दात हलू लागतो आणि सगळ्या घराला त्याची खबर लागते. पडलेला दात कुणी कौलांवर टाकतात, कुणी तुळशीच्या मुळाशी पुरतात. नेमक्या त्याच महिन्यांत तोंडाच्या मागच्या भागात याहून महत्त्वाची घटना घडत असते. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, वर-खाली आणि दोन्ही बाजूंना, पहिली कायमची दाढ हिरडीतून वर येत असते. तिला जागा करून देण्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून तिचे येणे कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे कधी तिच्यावर काळा ठिपका दिसला, तर ‘दुधाचीच दाढ आहे, पडेल आणि नवी येईल’ असे म्हणून पालक निश्चिंत राहतात. ती दाढ पडणार नसते आणि तिच्या जागी दुसरी येणारही नसते.

ती ओळखणे सोपे आहे. दुधाचे दात एकूण २० असतात, म्हणजे प्रत्येक जबड्यात मधल्या रेषेच्या एका बाजूला पाच. मधून मागे मोजत गेल्यावर सहावा दात दिसला, तर ती सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ समजावी. चघळण्याचा मोठा भार ती आयुष्यभर वाहते, आणि शाळकरी मुलांच्या कायमच्या दातांत कीड सर्वांत आधी व सर्वांत अधिक प्रमाणात हिलाच लागते. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात १२ वर्षांच्या ५३.८ टक्के आणि १५ वर्षांच्या ६३.१ टक्के मुलांमध्ये दंतक्षय आढळला होता. बाराव्या वर्षी बहुतेक दात कायमचे असतात, हे ध्यानात घेतले की या आकड्यांचे गांभीर्य कळते.

‘दाताला कीड लागली’ असे आपण म्हणतो, तेव्हा एका फार जुन्या समजुतीचा शब्द आपल्या तोंडी असतो. दातात अळी शिरते आणि तो पोखरते, असे जगातल्या अनेक संस्कृती मानत असत. फ्रान्समधील दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात ही कल्पना नाकारली, आणि १८९० मध्ये अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी तिच्या जागी आजही मूलतः टिकून असलेले स्पष्टीकरण मांडले. तोंडातले जिवाणू अन्नातील शर्करा आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे खनिज विरघळवते. या जिवाणूंपैकी सर्वाधिक अभ्यासला गेलेला स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा १९२४ मध्ये वर्णिला गेला. तो उसाच्या साखरेपासून एक चिकट पदार्थ बनवतो आणि त्याच्या आधारे दातावर जिवाणूंचा थर घट्ट धरून राहतो. कीड काढण्यासाठी रिंगणीच्या बियांची धुरी घेण्याचा उपाय आपल्याकडे अनेकांनी ऐकलेला असेल. परंतु धुरीने बाहेर यावा असा किडा दातात मुळात नसतोच.

दाताचे बाहेरचे आवरण, म्हणजे एनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे, तरीही तोंडातील सामू, म्हणजे पीएच, साधारण ५.५ च्या खाली गेला की त्यातील कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटून बाहेर पडू लागतात. गोड खाल्ल्यानंतर काही मिनिटांतच दातावरच्या थरात हा सामू घसरतो. मग लाळ त्या आम्लाचा प्रभाव हळूहळू कमी करते आणि सुटलेली खनिजे काही अंशी दाताला परत मिळतात. या भरपाईला साधारण अर्धा ते एक तास लागतो. झीज आणि भरपाई दिवसभर अशी आळीपाळीने चालू असते, आणि झिजेच्या मिनिटांनी भरपाईच्या मिनिटांवर महिनोन्‌महिने मात केली की खड्डा पडतो.

म्हणूनच मूल किती गोड खाते याच्या इतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ते कितीदा खाते आणि तो पदार्थ तोंडात किती वेळ राहतो. स्वीडनमधील व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४५ नंतरच्या काही वर्षांत झालेल्या प्रयोगांनी हे ठळकपणे दाखवले: जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने दातांचे नुकसान तुलनेने थोडे वाढले, तर दोन जेवणांच्या मध्ये दिलेल्या चिकट टॉफीने ते फार वाढले. हे प्रयोग मतिमंद रुग्णांवर, त्यांची संमती न घेता झाले होते, आणि आपले हे ज्ञान त्यांच्या दातांच्या किमतीवर आले आहे, ही गोष्ट त्याचा उल्लेख करताना विसरता कामा नये.

आपल्या घरांतला शाळकरी मुलाचा दिवस या दृष्टीने पाहावा. सकाळी चहा आणि बिस्किट, मधल्या सुट्टीत क्रीमचे बिस्किट, शाळा सुटल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातली गोळी किंवा टॉफी, संध्याकाळी पुन्हा चहा-खारी, आणि झोपताना साखर घातलेले दूध. यातला एकही पदार्थ कुणाला अतिरेकी वाटणार नाही. पण प्रत्येक वेळी अर्धा तास धरला, तरी अडीच तास दात आम्लात राहतात, आणि शेवटच्या दुधानंतर तर झोपेत लाळ अत्यंत कमी होत असल्याने भरपाईच मंदावते. दिवाळीचे चार दिवस किंवा संक्रांतीचा तिळगूळ यांना दोष देण्यात फारसा अर्थ नाही. वर्षाचे उरलेले दिवस कसे जातात, यावर दाढेचे भवितव्य ठरते. साखरेऐवजी गूळ दिला म्हणजे दात सुरक्षित राहतात, हाही गैरसमज आहे, कारण गुळात मुख्यतः तीच शर्करा असते, आणि शिवाय तो दाताला चिकटतो. खाऊन झाल्यावर चूळ भरण्याची आपली जुनी सवय मात्र खरोखरच हितकारक आहे. तिने जिवाणूंचा थर निघत नसला, तरी तोंडात रेंगाळणारी साखर लवकर धुऊन जाते.

या सगळ्यात सहाव्या वर्षीची दाढच अधिक का सापडते, याची कारणे तिच्या वाढीत आहेत. हिरडीतून डोकावल्यापासून समोरच्या जबड्यातल्या दाढेला टेकेपर्यंत तिला बहुधा वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ लागतो. तेवढ्या काळात तिचा माथा शेजारच्या दाढांपेक्षा खाली असतो, त्यामुळे ब्रश त्यावरून नुसताच सरकतो आणि चावण्याने होणारी स्वच्छताही होत नाही. त्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस त्यांच्या तळाशी पोहोचत नाही. भरीला नव्या दाताचे एनॅमल अद्याप पक्व झालेले नसते. लाळेतली खनिजे शोषून ते टणक व्हायला आणखी काळ जावा लागतो. या काळात सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘आता तू मोठा झालास, तुझे तू दात घास’ असे सांगितले जाते, आणि माझ्या मते आपल्या घरांत होणारी सर्वांत महाग चूक हीच आहे. या वयातल्या बोटांना मागच्या दाढेपर्यंत नीट पोहोचण्याचे कौशल्य नसते. रात्रीचे ब्रशिंग तरी निदान आठव्या वर्षापर्यंत मोठ्या माणसाने करून द्यावे, आणि ब्रश दातांच्या रांगेला आडवा, म्हणजे गालाच्या बाजूने धरून, त्या बुटक्या दाढेच्या माथ्यावर फिरवावा.

पेस्ट फ्लोराईडची असावी. फ्लोराईड असले की परत आलेली खनिजे अधिक चिवट रूपात बसतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण पाण्याने खळखळून चूळ भरू नये, कारण त्याने दातावर राहायला हवे ते फ्लोराईडही वाहून जाते. राखुंडी किंवा कोळशाची पूड दात खरवडते आणि फ्लोराईड देत नाही. तंबाखूच्या मिश्रीपासून तर मुलांना दूरच ठेवले पाहिजे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराईड मुळातच जास्त आहे आणि तेथे दातांवर डाग पडण्याचा वेगळा प्रश्न आहे. त्या गावांत पेस्टबद्दल दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

दाढ पूर्ण वर आली की तिच्या खाचा सीलंटने, म्हणजे दातावर लावायच्या पातळ संरक्षक लेपाने, बुजवता येतात. यात दात कोरावा लागत नाही, सुई टोचावी लागत नाही आणि काम काही मिनिटांत होते. सीलंट लावलेल्या दाढांना पहिल्या दोन वर्षांत सुमारे ८० टक्के संरक्षण मिळते, असे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचे सांगणे आहे. आपल्याकडे हा उपाय ज्यांना परवडतो त्यांनाही बहुधा ठाऊक नसतो, आणि ज्या मुलांना त्याची सर्वाधिक गरज आहे त्यांच्या गावात दंतवैद्यच नसतो. पाच रुपयांची टॉफी कोणत्याही वाडीत मिळते, तिच्यामुळे पडलेला खड्डा भरायला मात्र तालुक्याला जावे लागते आणि त्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडते, हे दंतक्षयाचे सामाजिक कारण साखरेइतकेच खरे आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाली. त्याची पथके शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातांचे विकारही आहेत. या तपासणीत पहिली-दुसरीच्या प्रत्येक मुलाची सहावी जागा मुद्दाम पाहिली गेली आणि पालकांना तेव्हाच ‘ही दाढ कायमची आहे’ एवढे सांगितले गेले, तरी पुष्कळ दाढा वाचतील. शिक्षकांनाही हे मोजणे शिकता येण्याजोगे आहे.

या दाढेच्या पुढे उभ्या असलेल्या दुधाच्या दाढांचीही उपेक्षा होता कामा नये. त्या किडून वेळेआधी काढाव्या लागल्या, तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि नंतर येणाऱ्या दातांची जागा अडवते. शिवाय दुधाच्या दाढांवर पोसलेला जिवाणूंचा थर नव्या दाढेला लागूनच असतो. पुढे बाराव्या वर्षाच्या सुमारास, सातव्या जागी, दुसरी कायमची दाढ येते. तीही कोणताही दात न पाडता, तशीच गुपचूप वर येते.