रायफलच्या पुंगळीपासून पिस्तुलाची पुंगळी

काडतुसात चार वस्तू असतात : गोळी, दारू, दारूला ठिणगी देणारा प्रायमर आणि या तिघांना एकत्र धरणारी पितळी पुंगळी. बार उडाला की पहिल्या तिघांचे काम संपते. पुंगळी मागे उरते. ती साफ करून, मूळ मापात आणून पुन्हा भरण्याला हँडलोडिंग किंवा रिलोडिंग म्हणतात. रायफलची लांब पुंगळी कापून, साच्यात दाबून व आतून कोरून तिची पिस्तुलाजोगी आखूड पुंगळी करणे ही त्यातलीच एक शाखा. हा छंद मुख्यतः अमेरिकेत वाढला. तिथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला संघराज्याच्या कायद्याने परवाना लागत नाही. भारतात मात्र परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गंभीर गुन्हा आहे.

या कामाचे सगळे गणित पुंगळीच्या बुडावर अवलंबून असते. तोंड कापता येते, मान (तोंडालगतचा अरुंद भाग) आवळता किंवा रुंदावता येते, खांदा (मानेखालचा उतार) मागे ढकलता येतो. बुडाशी मात्र धातू जाड आणि कडक असतो, प्रायमरचा खळगा तिथेच असतो आणि रिकामी पुंगळी बाहेर खेचणाऱ्या आकड्यासाठीची खाचही तिथेच असते. म्हणून ज्या दोन काडतुसांची बुडे जवळपास सारखी, त्यांच्यातच हे रूपांतर जमते. १८८८च्या जर्मन लष्करी रायफलच्या काडतुसाचे बूड सुमारे १२ मिलिमीटर व्यासाचे होते. पुढे अमेरिकेचे .३०-०६ (१९०६) आणि .३०८ विंचेस्टर (१९५२) त्याच मापावर बेतले गेले, आणि .४५ एसीपी या पिस्तुलाच्या प्रसिद्ध काडतुसाचे बूडही त्याच्या अगदी जवळचे आहे. अमेरिकी छंदिष्टांना .३०८च्या वापरलेल्या पुंगळ्या कच्चा माल म्हणून इतक्या सोयीच्या का वाटतात, ते यावरून कळते.

ठळक उदाहरण .४४ ऑटो मॅगचे. हॅरी सॅनफर्ड यांनी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे हे मोठे स्वयंचलित पिस्तूल १९७१मध्ये बाजारात आणले. कंपनीचे १९७२मध्येच दिवाळे निघाले. पिस्तुले लोकांकडे राहिली, काडतुसे मात्र दुकानांत सहजी मिळत नव्हती. तेव्हा मालकांनी ५१ मिलिमीटरची .३०८ किंवा ६३ मिलिमीटरची .३०-०६ पुंगळी सुमारे ३३ मिलिमीटरवर कापून वापरायला सुरुवात केली. मुळात हे काडतूस जन्मले तेच अशा कापलेल्या रायफल पुंगळीतून. सोव्हिएत टोकारेव्ह पिस्तुलासाठी .२२३ रायफलच्या पुंगळ्या कापतात. त्यांचे बूड किंचित बारीक असते आणि पहिल्या बारात थोडे फुगून चेंबरला (नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेला) बसते. १८९५च्या नागां रिव्हॉल्व्हरसाठी विंचेस्टरच्या जुन्या .३२-२० रायफलची पुंगळी कामी येते. या सगळ्यांमागे कारण एकच : हत्यार धडधाकट आहे, पण त्याचे काडतूस बनवणारे उरले नाहीत किंवा हवी तशी पुंगळी मिळत नाही.

कापणे हा त्यातला सोपा भाग. रायफलच्या पुंगळीची भिंत तोंडाकडे पातळ आणि बुडाकडे जाड होत जाते. अर्ध्यावर कापली की नवे तोंड जाड भागात येते. त्यात गोळी बसवली तर बाहेरून फुगवटा येतो आणि काडतूस चेंबरमध्ये शिरत नाही. म्हणून आतून रीमर (कोरण्याचे हत्यार) फिरवून धातू काढावा लागतो. लांबीचाही हिशेब काटेकोर असतो, कारण स्वयंचलित पिस्तुलाच्या सरळ पुंगळीला बहुधा बाहेर आलेली कड नसते. ती चेंबरमध्ये तोंडाच्या काठावर टेकते. तोंड आखूड झाले तर काडतूस जास्त आत जाते, लांब राहिले तर ब्रीच (नळीचे मागचे तोंड) नीट बंद होत नाही.

पुंगळीचे पितळ सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे असते. ते लवचीक असल्यामुळे बार उडताना फुगून चेंबर घट्ट बंद करते आणि दाब उतरला की आकसून सुटते. पण दाबले, ठोकले की हेच पितळ ताठरते. घागर घडवणारा तांबट ठोक्यांच्या मध्ये भांड्याला भट्टीचा ताव देतो, तो याच कारणाने. पुंगळीच्या बाबतीत ताव फक्त तोंडाला आणि मानेला द्यायचा असतो. बूड मऊ पडले तर दाबाखाली फुटते आणि तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येतो. लष्करी काडतुसांच्या मानेवर दिसणारी निळसर झाक या तावाचीच असते.

या तावाचे महत्त्व कळण्यात हिंदुस्थानच्या पावसाळ्याचा वाटा आहे, आणि ही हकीकत पाश्चात्त्य छंदिष्टांना फारशी ठाऊक नसते याचे नवल वाटते. ब्रिटिश फौजेची काडतुसे इथे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात. काही महिन्यांनी वापरायला काढली की पुंगळीच्या मानेला, गोळी जिथे आवळलेली असते तिथे, उभ्या चिरा पडलेल्या असत. हवामानाशी जोडून या दोषाला सीझन क्रॅकिंग म्हणू लागले. खरे कारण १९२१मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी स्पष्ट केले : घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि घडवताना पितळात अडकून राहिलेला ताण. दोन्ही एकत्र आले की पितळ चिरते. ताण बेताच्या उष्णतेने काढून टाकला की दोष टळतो. रायफलच्या पुंगळीची मान जबरदस्तीने बदलणाऱ्याने ताव चुकवला, तर तबेल्यातल्या त्या काडतुसांची गत त्याच्या पुंगळ्यांची व्हायला वेळ लागत नाही.

प्रायमरचीही एक अडचण आहे. मोठ्या रायफल प्रायमरचा खळगा मोठ्या पिस्तूल प्रायमरच्या खळग्याहून खोल असतो, त्यामुळे पिस्तुलाचा प्रायमर त्यात आत बुडून बसतो आणि पिस्तुलाच्या घोड्याचा (हॅमरचा) फटका हलका पडू शकतो. लहान आकारात हा फरक नाही. शिवाय पुंगळी बॉक्सर पद्धतीची, म्हणजे बुडाला मध्ये एकच छिद्र असलेली, हवी. बर्डन पद्धतीत दोन बारीक छिद्रे असतात आणि ऐरण (जिच्यावर दाबला जाऊन प्रायमर पेटतो ते टोक) पुंगळीतच घडवलेली असते, त्यामुळे जुना प्रायमर ठोकून काढता येत नाही. बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकी. पण अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपातल्या बहुतेक लष्करांनी अमेरिकनाची.

सर्वांत मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. जाड भिंतीमुळे आतली जागा कमी होते, म्हणून कारखान्याच्या पुंगळीत चालणारी दारू इथे तितकीच भरली तर दाब वाढतो. त्यात बुडावरचा शिक्का जुनाच राहतो : पुंगळी पिस्तुलाची, अक्षरे रायफलची. म्हणून जाणकार अशा पुंगळ्यांचा डबा वेगळा ठेवतात आणि त्यावर खूण करतात.

साताऱ्यात पुंगळी ओळखीची आहे ती फौजेमुळे. अपशिंगे मिलिटरी या गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळाही १९६१मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. फायरिंग रेंजवर बारांइतक्या रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात, ही शिस्त निवृत्त जवानांच्या अंगवळणी पडलेली असते. जवळच्या कोल्हापूरमुळे या भागाला नेमबाजीही परिचित आहे. पण राही सरनोबतची २५ मीटर पिस्तूल स्पर्धा असो की स्वप्नील कुसाळेला २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून देणारा ५० मीटर रायफल प्रकार, दोन्हींत .२२ रिमफायर काडतूस लागते. त्याचे स्फोटक बुडाच्या कडेतच भरलेले असते. अशी पुंगळी एकदा उडाली की टाकूनच द्यायची. नेहमीच्या हँडलोडिंगला ती चालत नाही.

कोयना-चांदोलीच्या कडेला रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जो परवाना मिळतो तो बहुधा बारा बोअरच्या बंदुकीचा, म्हणजे छऱ्यांचा. त्या काडतुसाच्या पुंगळीचा या रूपांतराशी संबंध नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमात काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही दारूगोळ्याच्या व्याख्येत येतात, त्यामुळे डाय (पुंगळी दाबण्याचे साचे) आणि रीमरचा संच घरी जमवणे हादेखील निरुपद्रवी छंद ठरत नाही. भारतात लष्करी बोअर (नळीची मापे) नागरिकांसाठी निषिद्ध ठेवले आहेत. म्हणूनच इशापूरच्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी ब्रिटिश फौजेच्या ली-एन्फिल्ड रायफलच्या धाटणीची पण .३०३ ऐवजी .३१५ बोअरची रायफल काढली. लष्कराचे काडतूस खासगी बंदुकीत बसू नये हा त्यामागचा हेतू. एका हत्याराची पुंगळी दुसऱ्याला बसवण्याची कला नेमकी हीच भिंत ओलांडते. भारतात लहान हत्यारांची काडतुसे खडकी आणि वरणगाव येथील सरकारी कारखान्यांत होतात, आणि परवानाधारकाला ती ठरवून दिलेल्या संख्येतच विकत घेता येतात.