तैवानी न्याहारी

तैवानमध्ये सकाळी घराबाहेर, गल्लीतल्या छोट्या दुकानात बसून किंवा पार्सल नेऊन करायचा नाश्ता. सोयाबीनचे दूध (दौज्यांग), भट्टीत भाजलेली तिळाची रोटी (शाओबिंग), तळलेल्या मैद्याची लांब कांडी (योउत्याओ), अंडे लावलेली पोळी (दानबिंग) आणि चिकट भाताची वळकटी (फानत्वान) हे तिचे मुख्य पदार्थ. बेटावरच्या शहरांत सकाळी घरी चूल न पेटवता बाहेर खाणे ही रोजची रीत आहे. शाळेत जाणारी मुले, कामाला निघालेली माणसे आणि फिरून परतणारे म्हातारे एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

‘पारंपरिक’ हा शब्द या न्याहारीला सरसकट लावतात. पण ही परंपरा सत्तर-पंचाहत्तर वर्षांचीच आहे, आणि ते कळल्यावर तिचे मोल वाढते. त्याआधी तैवानात सकाळी भाताची पेज असे. गरीब घरांत तांदूळ पुरवायला तीत रताळे घालत आणि तोंडी लावायला खारवलेला मुळा घेत. कोकणी माणसाला ही न्याहारी परकी वाटणार नाही. १९४९ मध्ये चिनी यादवी युद्धात हरलेले च्यांग कै-शेक यांचे सरकार तैवानात आले आणि त्याच्या मागोमाग दहा लाखांहून अधिक सैनिक व निर्वासित बेटावर उतरले. त्यांतले उत्तर चीनमधले लोक भातावर नव्हे, गव्हावर वाढलेले होते. परतीची वाट बंद झाली होती आणि हाताला काम नव्हते. अनेकांनी गावाकडची रोटी आणि सोयाबीनचे दूध विकायला सुरुवात केली. त्याच सुमारास, १९५१ ते १९६५ या काळात, अमेरिकेची मदत येत होती आणि तीत गहू व सोयाबीन मोठ्या प्रमाणावर होते. मैद्याच्या रिकाम्या पोत्यांच्या चड्ड्या शिवून मुलांना घालत. हस्तांदोलन करणाऱ्या दोन हातांचे चित्र छापलेल्या त्या चड्ड्यांची आठवण त्या पिढीतले लोक आजही काढतात. घर सुटलेल्या माणसांची चव आणि बोटीने आलेले धान्य यांतून ही न्याहारी उभी राहिली.

या दुकानांचे माहेर म्हणजे योंगहे. तैपेईहून शिनत्येन नदीवरचा चुंगचंग पूल ओलांडला की योंगहे लागते. १९५५ मध्ये तिथे पुलाच्या तोंडाशी माजी सैनिकांनी दौज्यांगचे दुकान काढले. पुढे तसल्या दुकानांची रांगच लागली, आणि त्यांतली बरीच रात्रभर उघडी राहू लागली. याला बेसबॉलचाही हातभार लागला. सत्तरच्या दशकात तैवानची शाळकरी मुले अमेरिकेतल्या विल्यम्सपोर्टला लिटल लीगची अजिंक्यपदे जिंकत होती. तिथली दुपार म्हणजे तैवानातली मध्यरात्र. लोक जागून टीव्हीवर सामना बघत आणि संपल्यावर आनंदाच्या भरात दौज्यांग प्यायला बाहेर पडत. पुढे ‘योंगहे दौज्यांग’ हे नाव बेटभर, मग परदेशांतही पाट्यांवर झळकले. त्या दुकानांच्या मालकांचा योंगहेशी संबंध असतोच असे नाही. आपल्याकडे ‘उडपी’ या नावाचे झाले तेच तिथे या नावाचे झाले.

दौज्यांग करायला सोयाबीन रात्रभर भिजत घालतात, पाण्याबरोबर वाटतात, गाळतात आणि मग उकळतात. खरी मेहनत उकळण्यात आहे. हे दूध साधारण ऐंशी अंशांच्या आसपासच फेसाळून वर येते आणि उकळी फुटली असे वाटते, पण ती फसवी उकळी असते. तेवढ्यावर आच बंद केली तर दूध कच्चे राहते आणि पोट बिघडते. फेस खाली बसवत, सतत ढवळत ते खरोखर रटरटू द्यावे लागते. मोठ्या पातेल्यात तळाशी किंचित लागले तर दुधाला करपट वास येतो. जुन्या दुकानांची गिऱ्हाइके त्याच वासासाठी लांबून येतात. घरी दूध लागले की आपण हळहळतो, इथे त्याची वाट पाहतात. दूध गोड, बिनसाखरेचे, गरम किंवा थंड मिळते.

याखेरीज एक प्रकार खारा. श्येन दौज्यांग (खारे दौज्यांग) हाच कुठल्याही दुकानाचा खरा कस. रिकाम्या वाडग्यात आधी चमचाभर व्हिनेगर, थोडा सोया सॉस, खारवलेल्या मोहरीच्या देठाचे बारीक तुकडे, सुकी कोळंबी आणि कांद्याची पात घालतात. त्यावर डावभर उकळते दूध जरा उंचावरून ओततात. ढवळायचे नाही. आंबटपणाने दुधातली प्रथिने गोळा होऊ लागतात. आधी कडेने बारीक कण दिसतात, मग सगळा वाडगा मऊ, थरथरत्या कवड्यांनी भरतो. वर योउत्याओचे काप आणि लाल तिखट तेलाचे चार थेंब पडतात. पहिल्यांदा पाहणाऱ्या मराठी माणसाला दूध नासले असेच वाटते, आणि खरेच ते मुद्दाम नासवलेले असते. व्हिनेगर जास्त झाले तर पाणी वेगळे सुटते, दूध पुरेसे गरम नसले तर कवड्या धरत नाहीत. हाताचा अंदाज चुकला की लपवायला जागा नसते. पहिल्या घासाला कुरकुरीत असलेले काप शेवटच्या घासापर्यंत सगळा रस पिऊन फुगतात, म्हणून हा वाडगा गप्पा मारत रेंगाळून खाऊ नये.

शाओबिंगची भट्टी आपल्या तंदुरासारखी उभी आणि पोकळ असते. पिठात तेलात परतलेल्या मैद्याचे थर घालून रोटी लाटतात, वर तीळ लावतात आणि भट्टीच्या आतल्या अंगाला थापतात. पावात वडा घालावा तशी रोटीत योउत्याओची कांडी घालून खाणे ही इथली ठरलेली जोडी. ही कांडी करताना पिठाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून मधोमध काडीने दाबतात. तापल्या तेलात मधली वाफ पट्ट्यांना दूर ढकलते, पण दाबलेली रेघ सुटत नाही, म्हणून ती फुगूनही जोडलेली राहते. लोककथा सांगते की ११४२ मध्ये चिनी सेनापती युए फेई यांना मृत्युदंड झाला, तेव्हा लोकांनी कारस्थानी मंत्री छिन ख्वेई आणि त्याची बायको यांच्या नावाने पिठाची जोडी तळून खाल्ली.

फानत्वानमध्ये वाफवलेल्या चिकट तांदळात ही कांडी, खारवलेला मुळा आणि डुकराच्या मांसाचा सुका कीस घालून घट्ट वळतात. दाण्याचे कूट आणि साखर घातलेला गोड प्रकारही आहे. दानबिंग दोन तऱ्हांचा असतो: लाटलेल्या पोळीचा, आणि पातळ पीठ ओतून केलेला मऊ. दुसरा धिरड्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा. दूध नको असेल तर भाजलेले शेंगदाणे आणि तांदूळ वाटून केलेले तपकिरी मीज्यांग घ्यावे.

छोट्या दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न येतो: ‘नेइयोंग’ की ‘वाइदाई’, म्हणजे बसून खाणार की पार्सल? बऱ्याच ठिकाणी पदार्थांची छापील चिठ्ठी मिळते, तीवर खुणा करून द्यायची. गल्ल्यावरच्या मावशी वयाचा विचार न करता पुरुषाला ‘श्वाइ-गे’ (देखणा) आणि बाईला ‘मेइ-न्यू’ (सुंदरी) म्हणून हाक मारतात.

तैपेईच्या ह्वाशान बाजाराच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ‘फूहांग दौज्यांग’ला २०१८ मध्ये मिशेलिन या फ्रेंच खाद्य-मार्गदर्शिकेच्या तैपेईसाठीच्या पहिल्याच यादीत ‘बिब गूरमाँ’ (माफक दरात चांगले जेवण) हा मान मिळाला. तिथली रांग जिना उतरून रस्त्यावर जाते. जाड शाओबिंग तिथे उत्तम मिळते, पण या न्याहारीची गोडी घराजवळच्या बिननावाच्या दुकानात जास्त कळते, कारण तिथे तुमचे नेहमीचे काय ते माहीत असते.

दक्षिणेकडे चित्र बदलते. ताइनानमध्ये पहाटे कच्च्या गोमांसाच्या पातळ कापांवर उकळता रस्सा ओतून देतात, किंवा शिमू माशाची पेज खातात.

शाकाहारी मराठी माणसाने दौज्यांगच्या दुकानात निर्धास्त शिरावे, मात्र खाऱ्या दौज्यांगमध्ये सुकी कोळंबी आणि फानत्वानमध्ये मांसाचा कीस असतो हे लक्षात ठेवावे. ‘वो छृ सू’ (मी शाकाहारी आहे) एवढे सांगितले की ते वगळतात. तैवानात बौद्ध परंपरेमुळे शाकाहारी लोक पुष्कळ आहेत आणि त्यांच्या खानावळींवर अनेकदा स्वस्तिक असते. या परंपरेतल्या ‘सू’मध्ये जैन जेवणासारखे कांदा-लसूणही चालत नाहीत. म्हणून कोळंबीबरोबर वाडग्यातली कांद्याची पातही जाते. पात हवी असेल तर तसे वेगळे सांगावे लागते.